ओपन सोर्समध्ये उतरायचं तर आधी खोट शोधा

जळगाव-भुसावळकडची इंजिनिअरिंगची पोरं मला विचारतात, "ताई, ओपन सोर्समध्ये कोणता प्रोजेक्ट घेऊ?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. मी उलट विचारते, "गेल्या आठवड्यात कोणत्या सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या?" याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. काम तिथूनच सुरू करायचं.

मी सावद्याला राहते. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण घरून. उरलेल्या वेळात सासऱ्यांच्या केळीच्या हिशेबासाठी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम सांभाळते. घड किती, वजन किती, नवती (नव्या लावणीचं पीक) की पिलबाग (फुटव्यांचं पीक), वापसी (नाकारलेला माल) किती निघाली, कपात जाऊन पट्टी (हातात येणारी रक्कम) किती झाली, एवढंच तो सांगतो. तो गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, उघडा ठेवला आहे. त्यामुळे दुसऱ्यांना दुरुस्त्या पाठवणं आणि आपल्याकडे आलेल्या दुरुस्त्या वाचत बसणं, दोन्हीकडचा ताप मला माहीत आहे. खाली कमांडचे उच्चार देवनागरीत दिलेत. टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

'गुड फर्स्ट इश्यू' (इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार किंवा काम; हे नवख्यांसाठीचं) असं लेबल लावलेल्या कामांपासून सुरुवात करा, असं सगळीकडे सांगतात. मला तो सल्ला फारसा पटत नाही. नावाजलेल्या प्रोजेक्टमध्ये असं लेबल लागलं की खाली 'मला द्या, मला द्या' अशी रांग लागते, आणि रांगेतल्या पुष्कळांनी ते सॉफ्टवेअर कधी उघडलेलंही नसतं. जे वापरत नाही ते कुठे बिघडलंय हे कळणार कसं? उलट तुम्ही रोज मराठीत टाइप करता, मराठीत शोधता, मराठीत छापता. त्यात जे अडतं ते स्वीडनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाच्या नजरेला पडत नाही. इथं आपण त्याच्या पुढे आहोत.

मराठीत काय काय मोडतं

आमच्या घरातलंच उदाहरण घ्या. एका वेब फॉर्ममध्ये वजन टाकताना सासऱ्यांनी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून १२४० लिहिलं. फॉर्म म्हणाला, अंक टाका. सासरे म्हणाले, "मराठीत लिव्हलं तं समजत नाही का याले?" खरंच समजत नाही. जावास्क्रिप्टमधलं 'नंबर' फंक्शन देवनागरी अंक वाचत नाही, 'नॅन' म्हणजे 'हा अंक नव्हे' असं उत्तर देतं. पायथनचं 'इंट' मात्र तेच '१२४०' बिनतक्रार वाचतं. गंमत पुढे आहे. त्याच जावास्क्रिप्टला रक्कम मराठी लोकॅलमध्ये, म्हणजे मराठी पद्धतीने, छापायला सांगा. ते झकास १,२५,००० असं छापतं, अंक देवनागरी आणि स्वल्पविराम लाखाच्या जागी. म्हणजे छापता येतं, पण स्वतः छापलेलं परत वाचता येत नाही. तुम्ही वापरता त्या कुठल्याही उघड्या फॉर्म-लायब्ररीत, हिशेबाच्या प्रोग्रामात किंवा सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये देवनागरी अंक टाकून बघा. किती ठिकाणी अडतं ते बघून थक्क व्हाल.

दुसरा बग, म्हणजे खोट, मला त्याहून आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, म्हणजे युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणातला) ०९३१ क्रमांक, आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र म्हणजे ०९३०, हलन्त, आणि त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. पण कॉम्प्युटर अक्षरांचे क्रमांक जुळवतो, त्यामुळे साध्या तुलनेत हे दोन वेगळे शब्द ठरतात. एकाने एका कीबोर्डवरून नोंद केली, दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोध घेतला, की उत्तर येतं: काही सापडलं नाही. 'ॲ'चंही तसंच. ०९७२ हे त्याचं स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र द्यायचे, आणि आजही काही कीबोर्ड तसंच करतात.

इथे थोडं माहीत असलेला माणूस लगेच म्हणेल, "युनिकोड नॉर्मलायझेशन चालवा की, एनएफसी." म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया. चालवून बघा. या दोन्ही जोड्या एनएफसीने एक होत नाहीत. शोधाची अनुक्रमणिका बनवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्हीकडे एक रूप दुसऱ्यात बदलणारी ओळ वेगळी लिहावी लागते. ती फक्त तुलनेपुरती लिहायची. माणसाने जे टाइप केलं ते त्याला न विचारता बदलून साठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा झटपट सांगते. पायथनमध्ये शब्द वेचायला 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हा पॅटर्न सर्रास वापरतात. प्रमाणित 'आरई' मॉड्यूलमध्ये तो काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'मराठी' दिलं की 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे हातात येतात. शब्द मोजणारी, टॅग ओळखणारी, स्पेलिंग तपासणारी किती साधनं या एका ओळीवर उभी आहेत ते शोधायला लागा. सहा महिन्यांचं काम मिळेल.

तक्रार कशी लिहायची

बग सापडला की कोड उघडायची घाई करू नका. आधी सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्या. कदाचित दुरुस्त झालेलाच असेल. मग इश्यूंच्या यादीत शोधा, आणि बंद झालेले इश्यूही बघा. बऱ्याचदा तीच तक्रार आधी कोणी केलेली असते आणि पुरेशी माहिती न दिल्यामुळे बंद झालेली असते. तशी असेल तर नवा इश्यू काढू नका. जुन्याखालीच तुमचा पुरावा जोडा.

पुरावा म्हणजे कमीत कमी ओळींत बग पुन्हा घडवून दाखवणं. आख्खा केळीचा प्रोग्राम पाठवून 'चालत नाही' म्हटलं तर कोणी बघणार नाही, आणि बघू नयेच. दोन ओळींचा कोड, त्यात '१२४०', आणि खाली तीन गोष्टी: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ऑपरेटिंग सिस्टीम आणि आवृत्ती लिहा. अर्ध्या र-सारख्या बगमध्ये नुसता स्क्रीनशॉट कामाचा नाही, कारण चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. मजकूर कॉपी करून द्या आणि शेजारी प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहा. समोरच्याला मराठी येत नाही. क्रमांक मात्र त्याला बरोबर समजतात.

इंग्रजीची भीती बाळगू नका. फाटकं इंग्रजी चालतं, लांबलचक चालत नाही. 'डिअर सर, आय अ‍ॅम अ स्टुडंट फ्रॉम' वगैरे परिचय आधी खोडून टाका. सर-मॅडमची गरज नाही. तिथे सगळे एकमेकांना नावाने किंवा टोपणनावाने बोलवतात. आपल्याकडे वयाने मोठ्याला नावाने हाक मारायला जीभ वळत नाही, हे मला मान्य आहे. पण तिथे तो उद्धटपणा धरत नाहीत.

दुरुस्ती पाठवताना

क्रम ठरलेला आहे. गिटहबवर त्या प्रोजेक्टचा आपल्या खात्यात फोर्क (स्वतःची प्रत) करायचा, तो गिट (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्राम) क्लोनने आपल्या मशीनवर उतरवायचा, वेगळी ब्रँच (कामाची शाखा) काढायची, बदल करून कमिट (बदलाची नोंद), मग पुश (ती गिटहबवर पाठवणं), आणि शेवटी पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती). हे कोणत्याही व्हिडिओत मिळेल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. व्हिडिओत सहसा न मिळणाऱ्या गोष्टी सांगते.

मोठे प्रोजेक्ट मोबाइलच्या डेटावर उतरवायचे तर क्लोनला 'डेप्थ १' द्या. जुना इतिहास न येता फक्त आजची प्रत येते. अडचण अशी की मग 'गिट ब्लेम'ने एखादी ओळ कोणी आणि का लिहिली ते कळत नाही. ते हवं असेल तेव्हा चांगल्या नेटवर 'फेच अनशॅलो' करून इतिहास मागवा. लाइट गेली, राउटर बंद पडला, तरी कमिट करायला अडत नाही, कारण गिटमध्ये कमिट तुमच्याच मशीनवर साठतो. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं तेव्हाच ते मध्यवर्ती सर्व्हरवर अवलंबून राहणार नाही असं बनवलं. नेट आलं की पुश करा. आणि हो, मे महिन्यात दुपारी मोठा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) लावू नका. पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो, पहाटे लावा.

एकही ओळ बदलण्याआधी प्रोजेक्ट जसाच्या तसा बिल्ड करा आणि त्याच्या सगळ्या चाचण्या चालवा. काही चाचण्या आधीपासूनच नापास असू शकतात. ते आधी माहीत नसेल तर नंतर तो दोष आपल्या बदलाचा समजून रात्रभर शोधत बसाल. नंतर बग दाखवणारी नवी चाचणी लिहा. ती नापास होते हे बघा. मग दुरुस्ती करा. ती पास होते हे बघा. परीक्षक तुमचा कोड वाचण्याआधी ही चाचणी वाचतो, आणि तिच्यावरून तुम्हाला प्रश्न समजलाय की नाही हे त्याला लगेच कळतं.

एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट ठेवा. फाइल उघडताच एडिटरने आपोआप सगळ्या ओळींचं फॉरमॅटिंग बदललं आणि तेही पाठवलं, तर तुमच्या चार ओळींसाठी समोरच्याला चारशे ओळी चाळाव्या लागतात. पाठवण्याआधी गिट डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, स्वतः वाचा, सगळी. कमिटच्या पहिल्या ओळीत पन्नासेक अक्षरांत काय केलं ते लिहा, मग एक ओळ मोकळी, आणि खाली का केलं ते. 'काय' तर कोडमध्ये दिसतंच. 'का' फक्त तुमच्याकडे असतं.

'कॉन्ट्रिब्यूटिंग' नावाची फाइल असेल तर ती आधी वाचा. काही ठिकाणी प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड ऑफ बाय' अशी तुमच्या नावाची ओळ लागते. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं त्या ओळीने तुम्ही लिहून देता. लिनक्सने ही पद्धत २००४ मध्ये सुरू केली, आणि गिट कमिटला 'उणे एस' दिलं की ती ओळ आपोआप पडते. नोकरीत असाल तर इथे थांबून आपल्या कंपनीचा करार वाचा. ऑफिसबाहेर लिहिलेल्या कोडवरही काही करार हक्क सांगतात.

पहिल्यांदा पुल रिक्वेस्ट पाठवली की गिटहबवर स्वयंचलित चाचण्या अडकून पडलेल्या दिसतील, मंजुरीची वाट पाहत. घाबरू नका. नव्या माणसाच्या चाचण्या चालवायला प्रोजेक्टवाल्याची परवानगी लागते, एवढंच.

पाठवल्यानंतर

वाट बघा. ज्याच्याकडे तुमची दुरुस्ती गेली तो बहुधा दिवसा दुसरी नोकरी करून रात्री हे बघतो. दोन आठवड्यांनी एक सभ्य ओळ लिहायला हरकत नाही. रोज 'एनी अपडेट?' विचारलं तर काम मागे पडतं, हे मी आलेल्या दुरुस्त्या वाचणारी म्हणून सांगते.

परीक्षण येईल ते कोरडं असेल. 'हे नाव बदला', 'ही ओळ का?', 'नको, वेगळ्या पद्धतीने करा'. कौतुक नाही, नमस्कार नाही. आपल्याला ते टोचतं. पण कोणी वीस टिपा काढल्या याचा अर्थ त्याने तुमचा कोड वीस ठिकाणी थांबून वाचला. प्रत्येक टिपेला उत्तर द्या. बदललं असेल तर 'बदललं' म्हणा, पटलं नसेल तर कारण सांगा. नकारही येईल. अर्ध्या र-साठीची ओळ 'फक्त एका भाषेसाठी' म्हणून नाकारली जाऊ शकते. तेव्हा ऱ आणि झीरो विड्थ जॉइनरचा हा नियम युनिकोडच्या प्रमाणग्रंथात देवनागरीच्या भागात लिहिलेला आहे, तो दाखवा. वाद तुमच्या-त्याच्या मतांचा राहत नाही.

टी-शर्ट, बॅज, रेझ्युमे यासाठी घाईची कामं पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला दुरुस्त्या पाठवायच्या मोहिमेत, टी-शर्ट मिळवायला लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) फालतू शब्द घालून पुल रिक्वेस्टचा पूर आणला, आणि त्यात आपल्या देशातली पोरं भरपूर होती. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टने स्वतः होकार दिलाय तिथलंच काम धरायचं. आता त्याची जागा एआयने घेतली आहे. कर्ल या, नेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाच्या, प्रोजेक्टचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून उघडपणे लिहीत आहेत की यंत्राने बनवलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी तपासण्यात त्यांचा वेळ जातो. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही, मीही वापरते. पण पाठवलेली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. एका पोराला मी माझ्या प्रोजेक्टवर विचारलं, "ही अट का लिहिली?" त्याने उत्तरही चॅटबॉटकडूनच आणलं. मी ती रिक्वेस्ट तिथेच बंद केली.

कोड येत नसेल तर? फायरफॉक्सचं मराठी भाषांतर मोझिलाच्या पाँटूनवर होतं, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर; ब्राउझर उघडा आणि बसा. मात्र आधीच्या भाषांतरकारांनी वापरलेले शब्द बघून घ्या, नाहीतर एकाच मेनूत तीन प्रकारची मराठी दिसते. ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनी मिळून बनवलेल्या, नकाशावर आपल्या शिवाररस्त्यांची, नाल्यावरच्या फरशी पुलांची, वस्त्यांची नोंद करा. तापी-सुकीच्या काठच्या बारक्या वाटा बाहेरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? फक्त गुगल मॅप्समध्ये बघून काही उतरवू नका. लायसन्स त्याला परवानगी देत नाही. स्वतः जाऊन बघितलेलं टाका.

स्वतःचा प्रोजेक्ट उघडा करताना

पहिली फाइल लायसन्सची. लायसन्स नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. लोकांना कोड दिसतो, पण वापरायची परवानगी नसते. कोणीही काहीही करो, नाव ठेवा म्हणजे झालं, असं वाटत असेल तर एमआयटी. वाटताना बदलांसकट सोर्स (मूळ कोड) द्यायलाच हवा असं वाटत असेल तर जीपीएल. मी एजीपीएल घेतलं. उद्या कोणी माझा प्रोग्राम सुधारून व्यापाऱ्यांना वेबसाइटवरून वापरायला दिला, तरी त्या वापरणाऱ्यांना त्याने बदललेला सोर्स द्यावा लागेल. शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेब बंद डब्यात जाऊ नये, एवढाच माझा हट्ट.

कोड टाकण्याआधी डेटा बघा. माझ्या फोल्डरमध्ये खऱ्या शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि बँक खाती असलेली फाइल होती. ती बाजूला काढली आणि बनावट नावांची नमुना फाइल केली. हे पहिल्या कमिटच्या आधीच करायचं, कारण गिटमध्ये फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते. पासवर्डचंही तेच. एकदा उघड झालेला पासवर्ड पुसू नका, बदला.

रीडमी इंग्रजीत लिहा आणि मराठीतही. प्रोग्राम काय करतो, काय करत नाही, आणि चालू कसा करायचा, एवढं पहिल्या पडद्यावर यायला हवं. 'काय करत नाही' हे लिहायला लोक विसरतात आणि मग तेच इश्यू येत राहतात. माझ्या रीडमीत दुसरीच ओळ आहे: हा प्रोग्राम बाजारभाव सांगत नाही.

परका माणूस आला की तुमची गृहीतकं उघडी पडतात. अर्धापूरकडून, म्हणजे नांदेडच्या केळीपट्ट्यातून, एकाचा इश्यू आला: तुमची कपात आमच्याकडे लागत नाही, आमची रीत वेगळी. सावद्याची रीत कोडमध्येच कोरलेली होती. ती बाहेर काढून सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवली, आणि त्याच्याकडची रीत त्यानेच भरून पाठवली. अशा पहिल्या दुरुस्तीला लवकर उत्तर द्या, निदान 'बघितलं, रविवारी वाचते' एवढं तरी. बारीकसारीक स्पेसच्या चुका काढत बसू नका, त्या स्वतः नीट करून घ्या आणि मर्ज करा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळा.

चाव्या, म्हणजे थेट बदल करायचा अधिकार, देताना मात्र सावकाश. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या, छोट्या, पण अर्ध्या इंटरनेटखाली असलेल्या प्रोजेक्टमध्ये गुपचूप आत शिरायचं मागचं दार बसवलेलं सापडलं. थकलेल्या एकट्या मेंटेनरचा (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा) विश्वास दोन-अडीच वर्षं चांगली कामं करून कमावला गेला, तोही टोपणनावाने. दुसऱ्याच एका इंजिनिअरला, आंद्रेस फ्रॉइंडला, लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीला आलं. केळीच्या हिशेबाला कोणी एवढी मेहनत घेणार नाही. तरीही मुख्य ब्रँचवर थेट पुश बंद ठेवा, प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टनेच येऊ द्या, आणि रिलीज करण्याचा अधिकार ज्याच्याशी निदान फोनवर बोलला आहात त्यालाच द्या.

आणि एक दिवस वेळ पुरेनासा होईल. लग्न, बाळंतपण, केळीच्या कांदेबागेची लावणी, नवी नोकरी, काहीही असो. गप्प बसू नका. रीडमीच्या डोक्यावर लिहा की आता मी नवीन काम घेत नाही, आणि कोणाचा फोर्क नीट चालू असेल तर त्याची लिंक द्या. मग गिटहबच्या सेटिंगमध्ये 'अर्काइव्ह' दाबा. कोड वाचता येतो, फोर्क करता येतो, नवे इश्यू येत नाहीत. पुन्हा फुरसत मिळाली तर तेच बटण उलटं दाबता येतं.